चार कुत्री, एक तास आणि लेमिंग्टनचा चिखल

रविवारी सकाळी साडेसातला तुम्ही काय करता? झोपता. बरोबर. डोंबिवलीत असताना मीही झोपायचेच. सोमवार ते शुक्रवार फास्ट लोकलला लटकणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी उठवणं हा फौजदारी गुन्हा आहे, असं माझं ठाम मत होतं. तर तीच मी, २०२१ च्या नोव्हेंबरमधल्या एका रविवारी, इंग्लंडमधल्या एका शेतात गमबूट घालून उभी होते. नुकतं उजाडत होतं. पाऊस आहे म्हणावं तर दिसत नव्हता, नाही म्हणावं तर चष्म्यावर थेंब. हातात निळ्या प्लास्टिकचा भलामोठा बोगदा, जो मला उलगडायचा होता आणि जो मला गुंडाळू पाहत होता. आणि मागे उभ्या गाडीतून चार कुत्री एका सुरात भुंकत होती.

त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे दुपारचा एक, वरणभात झालेला. तिनं पडद्यात डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘कंपनीनं हे करायला पाठवलंय तुला?’’

कंपनीनं पाठवलं होतं सॉफ्टवेअर टेस्टिंगला. ऑनसाइट, दहा महिने, मुक्काम पोस्ट लेमिंग्टन स्पा. नकाशात बर्मिंगहॅम शोधा, तिथून थोडं खाली, उजवीकडे या. पूर्ण नाव ‘रॉयल लेमिंग्टन स्पा’. हे ‘रॉयल’ १८३८ मध्ये व्हिक्टोरिया राणीनं दिलेलं. इथल्या खारट पाण्यात डुंबलं की दुखणी पळतात अशी त्या काळी समजूत होती, त्यामुळे श्रीमंतांनी इथं पांढरीशुभ्र, उंच खिडक्यांची घरं बांधली. अजूनही मुख्य रस्त्यावर ‘परेड’वर चालताना आपण कुणाच्या तरी लग्नाच्या केकमधून चाललोय असं वाटतं. मधून लीम नावाची नदी वाहते. मी तिला नदी म्हणते ते केवळ पाहुणी आहे म्हणून. आपल्या उल्हास नदीनं तिला एका पावसाळ्यात पोटात घेतलं असतं. काठावर जेफसन गार्डन्स, तिथं बदकं, बाकं आणि बाकांवर हातात हात घालून बसलेले आजी-आजोबा. सुंदर आहे, पण एकट्या माणसाला रविवार खायला उठतो. पहिले तीन रविवार मी सुपरमार्केटमध्ये भेंडी शोधण्यात घालवले.

खोली मिळाली ती एका जाहिरातीवरून. भाडं संशयास्पद कमी आणि खाली एकच अट : ‘कुत्री आवडायला हवीत.’ आवडतात की! आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या दोघांना मी रोज ग्लुकोजची बिस्किटं घालायचे. त्या जोरावर होकार कळवला.

घरमालकीण निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट. नाव छापू नकोस असं त्यांनी बजावलंय, म्हणून मी त्यांना ‘बाई’ म्हणते. शाळेत म्हणायचो तसं. त्या प्रत्यक्षात पहिल्या नावानं हाक मारायला लावतात, पण आईच्या वयाच्या माणसाला एकेरी हाक मारताना माझी जीभ आजही अडखळते. बाईंच्या घरात चार प्रजा. मॉस, अकरा वर्षांचा बॉर्डर कोली, घरातला आजोबा. टिग, पाच वर्षांची कोली, म्हणजे चार पायांवरचा एस्प्रेसो. पिप, बुटका, दाढीवाला, कुठल्या जातीचा हे त्यालाही ठाऊक नसावं. आणि बीन, सात महिन्यांचं कॉकर स्पॅनियलचं पिल्लू, ज्यानं पहिल्याच आठवड्यात माझा लॅपटॉपचा चार्जर मटकावला.

ही चौघं ‘अजिलिटी’वाली. म्हणजे काय? टीव्हीवर घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती पाहिल्या असतील, त्याच, फक्त घोड्याऐवजी कुत्रा आणि पाठीवर स्वार नाही. स्वार बाजूनं धावतो, धापा टाकतो आणि चुकीच्या दिशेला हात दाखवतो. हा खेळ जन्माला आला तो अक्षरशः वेळ मारून नेण्यासाठी. १९७८ साली लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात ‘क्रफ्ट्स’ हा कुत्र्यांचा महामेळा भरला होता. मुख्य रिंगणात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांचं काय करायचं, हा प्रश्न. संयोजन समितीतले जॉन व्हार्ली यांना घोड्यांच्या शर्यतीवरून कल्पना सुचली, पीटर मीनवेल या प्रशिक्षकानं अडथळे जुळवले आणि दोन संघांनी प्रात्यक्षिक केलं. लोकांनी उचलून धरलं. १९८० मध्ये केनेल क्लबनं नियम केले आणि आता जगभर हा खेळ चालतो.

अडथळे असे : उड्या मारायच्या दांड्या, बोगदे, टायर, माणसाच्या उंचीचा घसरगुंडीवजा डोंगर, अरुंद फळीचा पूल, सीसॉ. डोंगर, पूल आणि सीसॉ यांच्या टोकाचा भाग वेगळ्या रंगात रंगवलेला असतो. उतरताना कुत्र्याचा एक तरी पंजा त्या रंगावर पडलाच पाहिजे, नाही तर पाच गुण कटाप. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे साठ-साठ सेंटिमीटरवर उभ्या केलेल्या बारा काठ्या. त्यातून कुत्र्यानं नागमोडी जायचं, पहिली काठी डाव्या खांद्याला ठेवून शिरायचं आणि एकही काठी न गाळता बाहेर पडायचं. शाळेत खोखो खेळलेल्यांना सांगायला नको. साखळी धरून पळणारा आपला हुकमी खेळाडू आठवा, फक्त त्याला शेपूट लावा.

आता मैदानाबद्दल. इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांनी एक भारी फंडा काढलाय. शेताचा एक तुकडा माणसाच्या उंचीच्या जाळीनं बंद करायचा आणि कुत्रेवाल्यांना तासावर भाड्यानं द्यायचा. ऑनलाइन पैसे भरा, मोबाइलवर गेटचा आकडा येतो, आत शिरा. तुमच्या तासात दुसरं कुणी येत नाही आणि तास संपला की पुढच्याची गाडी गेटवर हजर. वर्गाला मास्तर बदलावा तसं. आमचं शेत लेमिंग्टनहून केनिलवर्थला जाणाऱ्या रस्त्यालगत. एका कोपऱ्यात अडथळ्यांचं सामान, दुसऱ्या कोपऱ्यात ओकचं झाड, कुंपणापलीकडे मेंढ्या. मॉसच्या रक्तातली मेंढपाळी जागी व्हायची, तो दोन क्षण तिकडे पाहायचा आणि मग ‘ते आपलं खातं नाही’ असा चेहरा करून परत यायचा.

तीन महिने मी हरकाम्या होते. बोगदे ओढणं, दांड्या लावणं, शी उचलणं. फेब्रुवारीत बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. निदान उन्हाळ्यापर्यंत धावणं बंद. बाईंनी मला स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. इंग्लंडमध्ये कुणी समोर बसवून चहा दिला की समजायचं, गंभीर मामला आहे. म्हणाल्या, ‘‘चौघांना आठवड्यातून एक तास तू सांभाळशील?’’

मी म्हटलं, का नाही! आपण प्लॅनिंगची माणसं. शनिवारी रात्री मी एक्सेल शीट उघडली. चार कुत्री, चौदा कसरती, रंगीत रकाने, मिनिटांचा हिशेब. बाईंना दाखवली. त्या हसल्या नाहीत. ‘‘हं, छान रंगवलीयस,’’ एवढंच म्हणाल्या. अप्रेझलमध्ये मॅनेजर जेव्हा ‘छान फॉन्ट’ म्हणतो, तसं वाटलं मला.

रविवारी तासाच्या बाराव्या मिनिटाला शीट कोसळली. मी आधी टिगला काढलं, तिच्यासाठी दांड्या साठ सेंटिमीटरवर चढवल्या. मग पिपसाठी तीसवर उतरवल्या. मग मॉससाठी परत. कुत्र्यांपेक्षा जास्त उठाबशा मी काढल्या. गाडीत वाट पाहणारी टिग ओरडून ओरडून इतकी तापली, की दुसऱ्या फेरीत तिनं सहा दांड्या पाडल्या आणि माझी बाही धरून लोंबकळली. बीननं बोगद्यात शिरून आतच मुक्काम ठोकला. चौदापैकी तीन कसरती झाल्या. टेन्शन वाढत गेलं आणि टेन्शनमध्ये माणूस जे करतो तेच मी केलं. एक तरी गोष्ट पूर्ण करून दाखवायचीच, असा हट्ट धरला.

तो हट्ट मॉसवर निघाला. बारा काठ्यांमधून तो सुरेख शिरायचा आणि दहाव्या काठीला बाहेर पडायचा. पुन्हा. पुन्हा दहाव्याला बाहेर. बाई घरी होत्या, अडवायला कुणी नव्हतं. ‘एकदाच परफेक्ट कर ना राजा, मग खाऊ.’ नवव्या वेळी त्यानं बाराच्या बारा काठ्या काढल्या. मी टाळ्या वाजवल्या, फोनवर व्हिडिओ घेतला होता तो बाईंना पाठवला.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघाले तर मॉस जिन्याच्या खालच्या पायरीशी उभा. रोज तो मला उठवायला वर यायचा. आज पुढचा एक पंजा पायरीवर ठेवून वर बघत होता, आणि येत नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याचा स्नायू ताणलाय, दोन आठवडे फक्त दोरीला धरून चालवा, मग बघू. अकरा वर्षांच्या कुत्र्याच्या बाबतीत ‘मग बघू’चा अर्थ काय, हे कुणी बोललं नाही. मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडले. दुसऱ्याच्या घरात राहून त्यांच्या घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस आपण लंगडं केलं, असं काहीतरी.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रात्री तोच व्हिडिओ टीव्हीवर लावला आणि म्हणाल्या, ‘‘कुत्र्याकडे बघू नकोस. स्वतःचे पाय बघ.’’ पाहिलं. पहिल्या आठही वेळा, मॉस दहाव्या काठीपाशी आला की मी खाऊच्या बटव्यात हात घालत होते आणि माझे पाय त्याच्यापासून दूर वळत होते. तो माझ्याकडे येत होता. त्याला तेच शिकवलेलं होतं. नवव्या वेळी मी दमून नुसती उभी राहिले होते, म्हणून त्याला जमलं.

मग बाईंनी कपाटातून वह्या काढल्या. साध्या, रेघांच्या, दोन बोटं जाड. वर्षाला एक. प्रत्येक रविवारी एक पान, प्रत्येक कुत्र्याला एक ओळ. ओळीत एकच काम. ‘टिग : सीसॉवर थांबणे.’ ‘पिप : डावीकडून काठ्यांत शिरणे.’ शेजारी बारीक रेघा, किती वेळा केलं आणि किती वेळा जमलं. बस. चौघांसाठी चार ओळी. माझ्या चौदा रंगीत रकान्यांची मला लाज वाटली.

तासाचं गणित त्यांनी असं मांडून दिलं. सामान लावायला दहा मिनिटं, आवरायला दहा. उरली चाळीस. चौघांत वाटली तर वाट्याला दहा, आणि त्यातही शरीर गरम करायला चालणं, दुडकी चाल, चार बुटक्या उड्या, नंतर परत सावकाश चालणं. म्हणजे खरं काम प्रत्येकी चारेक मिनिटं, तेही दोन हप्त्यांत. मी म्हटलं, एवढ्यात काय होणार? बाई म्हणाल्या, ‘‘स्पर्धेत पूर्ण फेरी एखाद्या मिनिटाच्या आत संपते. चार मिनिटं म्हणजे चैन आहे.’’

आणि मांडणी एकच ठेवायची, चौघांना पुरेल अशी. हे ऐकायला सोपं आहे, पण खरी मजा इथेच आहे. समजा तीन उड्या, एक बोगदा आणि सहा काठ्या लावल्या. टिगनं त्यात वेगात वळायला शिकायचं. पिपनं बोगद्यातून निघून थेट काठ्यांत शिरायचं. मॉसनं दांड्या जमिनीला टेकवून फक्त दिशा ओळखायच्या. बीनला तर दांडी नकोच, उडीच्या खांबाला नुसती प्रदक्षिणा. वाढत्या वयात हाडं कोवळी असतात, पिल्लाला उंच उड्या आणि काठ्यांमधली नागमोड द्यायची नाही, अशी सक्त ताकीद. स्पर्धेतही कुत्रा दीड वर्षाचा झाल्याशिवाय घेत नाहीत. क्रम बुटक्यापासून उंचाकडे, म्हणजे दांड्या एकाच दिशेनं चढवत न्यायच्या. माझ्या उठाबशा वाचल्या. आधी बीन, मग मॉस, पिप आणि शेवटी टिग. मग विश्रांती आणि ज्याला गरज असेल त्याचीच दुसरी फेरी.

मधल्या काळात बाकीच्यांचं काय? हेही काम आहे म्हणे. गाडीतल्या पिंजऱ्यावर चादर टाकायची, दिसलं नाही की डोकं तापत नाही. दोघांना बाहेर आपापल्या चटईवर बसवायचं आणि गप्प बसल्याबद्दल मध्ये मध्ये खाऊ टाकायचा. टिगला पहिल्या महिन्यात सगळ्यांत जास्त खाऊ काहीही न केल्याबद्दल मिळाला. आमच्या ऑफिसातही असा एक जण होता, पण ते असो.

सगळ्यांत कडक नियम तीनचा. एक गोष्ट तीनदा करून पाहायची. दोनदा चुकली तर तिसऱ्यांदा सोपी करायची आणि तिथंच थांबायचं. जमलं तर तर नक्कीच थांबायचं. ‘अजून एकदा’ हे शब्द मैदानावर बोलायचे नाहीत.

मार्चमध्ये बाईंनी कुबडी घेऊन मला क्रफ्ट्सला नेलं. १८९१ मध्ये चार्ल्स क्रफ्ट या गृहस्थांनी सुरू केलेला हा मेळा १९९१ पासून बर्मिंगहॅमच्या एनईसी या अवाढव्य प्रदर्शन-संकुलात भरतो. २०२१ मध्ये कोविडमुळे रद्द झाला होता, त्यामुळे २०२२ ला उत्साह दिवाळीसारखा. लेमिंग्टनहून बर्मिंगहॅम इंटरनॅशनलला थेट गाडी आहे, स्टेशनातून पुलावरूनच आत जाता येतं. डब्यात माणसांपेक्षा कुत्री जास्त आणि कुणीही कुणावर भुंकत नव्हतं. आपल्या कल्याण लोकलला हे दाखवायला हवं. जाणाऱ्यांना एक सल्ला : अजिलिटी पाहायला मुख्य रिंगण गाठाच, पण त्याआधी स्पर्धक कुत्र्याशिवाय मोकळ्या मार्गावरून चालतात तेव्हा त्यांचे पाय पाहा. मोठमोठी माणसं हात हवेत हलवत, अदृश्य कुत्र्याशी बोलत, कोपरे मोजत असतात. वेड्यांची जत्रा वाटते. मी मात्र त्या दिवशी फेऱ्यांपेक्षा तेच जास्त बघितलं.

एप्रिलमध्ये मॉस परत मैदानावर आला. डॉक्टरांनी परवानगी दिली, काठ्या मात्र कायमच्या बंद. त्याच्या ओळीत बाईंनी लिहिलं, ‘मॉस : बोगदा. त्याला हवा तेवढा.’ तो एकदा गेला, बाहेर येऊन अंग झाडलं आणि गवतात लोळला. मी वहीत एक रेघ मारली.

उन्हाळ्यानं वेगळाच इंगा दाखवला. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात पारा पहिल्यांदाच चाळिशीच्या वर गेला. डोंबिवलीकराला त्यात काय, असं म्हणून मी निवांत होते. पण ज्या देशात घराला पंखा नाही, तिथं चाळीस म्हणजे चुलीत बसणं. शेताची माती विटेसारखी कडक झाली. अशा जमिनीवर उडी मारली की सांधे वाजतात, त्यामुळे दोन रविवार उड्या बंद. पहाटे सहाला जाऊन, पंजे भाजत नाहीत ना ते हाताच्या पालथ्या बाजूनं जमिनीला तपासून, नुसतं चालायचं आणि चटईवर बसायचं. गाडीत कुत्रा क्षणभरही ठेवायचा नाही, खिडकी उघडी असली तरीही. माझ्यातल्या टेस्टरला दोन रविवार वाया गेल्यासारखे वाटले. तिसऱ्या रविवारी टिगनं सीसॉ असा काही केला की बाईंनी खुर्चीतून काठी उंचावली. दोन आठवडे तिनं तो पाहिलाही नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या झोपाळू लेमिंग्टनला अचानक जाग आली. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांमधला लॉन बोल्स हा खेळ इथल्या व्हिक्टोरिया पार्कात होता आणि २ ऑगस्टला भारताच्या चार बायकांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून सुवर्ण जिंकलं. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर! मी ऑफिसच्या कॉलवर होते. हे दुःख मी आयुष्यभर सांगणार आहे.

१४ ऑगस्ट, माझा शेवटचा रविवार. गुरुवारी फ्लाइट. बाई आता काठीशिवाय चालत होत्या, पण धावणं अजून नव्हतं, आणि पुढच्या रविवारपासून कोण धावणार हे कुणी काढलं नाही. बीन सोळा महिन्यांचा झाला होता. त्यानं पहिल्यांदा तीन बुटक्या उड्या सलग मारल्या आणि स्वतःच दचकून माझ्याकडे पाहिलं. पिपनं चार मिनिटांतली दोन मेंढ्यांवर खर्च केली. टिग झाली. मॉस बोगद्यातून गेला, आणि बाहेर आल्यावर न सांगता त्या सहा काठ्यांकडे वळला.

मी हाक मारणार होते. बाई म्हणाल्या, ‘‘राहू दे. एकदा.’’

मी उभी राहिले. हात बटव्यापासून लांब, पाय सरळ. तो चालत चालत गेला, धावत नाही, सहा काठ्या, डावीकडून शिरून, एकही न गाळता. मग माझ्यापाशी येऊन बसला. दुसऱ्यांदा करायला मी सांगितलं नाही, तोही उठला नाही.

आवराआवर झाली. बोगदा आता मी तीन घड्यांत गुंडाळते. गाडीत बसल्यावर बाईंनी वही पुढे केली. त्या दिवसाच्या पानावर चारऐवजी पाच ओळी होत्या. पाचवी माझ्या नावाची : ‘पाय सुधारले. हात अजूनही घाई करतात. पुढचं काम : गेटवरच्या दोघांपासून सुरुवात, रोज चार मिनिटं.’ डोंबिवलीच्या गेटबद्दल मी कधी बोलले होते, मला आठवतही नाही.

मी काहीतरी बोलणार, एवढ्यात मागे हॉर्न वाजला. पुढच्या तासाची गाडी आली होती आणि तिच्यातही कुणीतरी भुंकत होतं.

‘‘उतर, गेट लाव,’’ बाई म्हणाल्या, ‘‘मॉसचा पट्टा खांबाला राहिलाय, तोही घेऊन ये.’’